आधी आहेत ते केस

केस गळण्यावर इलाज काय, हे विचारायला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा पहिला बराच वेळ औषधाचं नावही निघालं नाही. केस कधीपासून कमी वाटतायत, मुळापासून गळतात की मध्येच तुटतात, गेल्या काही महिन्यांत मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने वजन उतरणं असं काही झालं का, वडिलांचे आणि मामांचे केस कसे होते, कोणती औषधं चालू आहेत, टाळूला आग किंवा खाज आहे का, असं सगळं डॉक्टरांनी विचारून लिहून घेतलं. मग डोक्यावर वेगवेगळ्या जागी पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरून त्यांनी हलकेच ओढून पाहिली. हातात किती केस येतात ते त्या मोजत होत्या. जेमतेम एक-दोन आले.

मला नवल वाटलं. त्या म्हणाल्या, ‘‘दिवसाला पन्नास ते शंभर केस कोणाचेही गळतात. तुमचे केस बारीक होत चाललेत, म्हणून डोकं विरळ दिसतंय.’’

पुढे त्यांनी ट्रायकोस्कोप, म्हणजे भिंग लावलेला छोटा कॅमेरा, टाळूला टेकवला आणि पडद्यावर चित्र दाखवलं. डोक्याच्या मागच्या बाजूला सगळे केस एकाच जाडीचे होते, एकेका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन निघालेले. कॅमेरा भोवऱ्याकडे सरकला तसं चित्र बदललं. जाड केसाशेजारी बारीक केस, त्याच्याशेजारी लव म्हणावी इतका नाजूक, आणि बऱ्याच छिद्रांत एकुलता एक. निदान तिथेच झालं: अँड्रोजेनेटिक अ‍ॅलोपेशिया, पुरुषांमधलं आनुवंशिक टक्कल.

या तपासणीबद्दल एवढं लिहितोय, कारण पुढचा सगळा पैसा, वेळ आणि आशा तिच्यावर उभी असते. मोठा ताप, बाळंतपण किंवा उपासमारीसारखं डाएट झालं की दोन-तीन महिन्यांनी केस मुठी-मुठीने गळू लागतात; त्याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. कारण दूर झालं की बहुतेकांचे केस काही महिन्यांत आपसूक भरून येतात. चाईचं प्रकरण वेगळं. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते आणि गोल गोल चट्टे पडतात. त्यावर स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, आणि तीव्र चाईसाठी २०२२मध्ये बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. चौथा प्रकार सर्वांत घातक: टाळूला सूज येऊन व्रण होतो आणि मूळच कायमचं जातं. तिथे टाळूचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करावी लागते आणि उपचाराला उशीर परवडत नाही. हे चार प्रकार वेगळे न करता कोणी थेट पॅकेज सांगू लागलं, तर तिथून उठून यावं, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या बहिणीचंच उदाहरण आहे. तिचा भांग रुंद दिसू लागला तेव्हा माझ्यासारखंच आनुवंशिक असणार, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. तपासणीत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फार कमी निघालं आणि थायरॉइडही बिघडलेलं. ती दोन्ही मार्गावर आली तशी गळती थांबली. माझे ते अहवाल ठीक आले. रक्त द्यायला जाण्याआधी डॉक्टरांनी एक बजावलं होतं: बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी बंद करा. केसांसाठी म्हणून लोक त्या सर्रास घेतात, पण बायोटिनची कमतरता क्वचितच असते. वर त्याच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकारासाठीच्या ट्रोपोनिनच्या चाचणीचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने २०१७मध्ये तसा जाहीर इशाराच दिला होता.

उपचारांआधी डॉक्टरांनी आजाराची रीत समजावली, आणि पुढचा प्रत्येक निर्णय मी त्याच आधारावर घेऊ शकलो. टाळूवरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग थांबतो, साधारण तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून ५-अल्फा रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) डीएचटी नावाचं जास्त जोरकस संप्रेरक तयार करतं. ज्यांची मुळं जन्मतःच डीएचटीला संवेदनशील असतात, त्यांच्यात दर फेरीला वाढीचा काळ आखूड होतो आणि नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो. असं होता होता शेवटी लव उरते. मागच्या आणि कानांवरच्या केसांवर डीएचटीचा असा परिणाम होत नाही, म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाचीही मागची झालर शाबूत राहते.

हे कळलं कसं, तेही त्यांनी सांगितलं. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने १९४२मध्ये दाखवून दिलं, की वयात येण्याआधी ज्यांची वृषणं निकामी झाली त्यांना टक्कल पडत नाही. पण टेस्टोस्टेरॉन दिलं की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागतं. पुढे १९७४मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही पुरुषांमध्ये ते विकर जन्मापासूनच अपुरं होतं. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली होती आणि कपाळाचे कोपरे मागे सरकले नव्हते. डीएचटी रोखणारी गोळी बनवायची कल्पना त्या माहितीतूनच बळावली.

‘‘मूळ जिवंत असून बारीक झालंय तिथे औषध काम करेल,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘टाळू गुळगुळीत झाली आहे तिथे नाही करणार. म्हणून आधी आहेत ते वाचवू, मग गेलेल्यांचं बघू.’’ माझा भोवरा पहिल्या गटात होता, कानशिलांवरचे कोपरे दुसऱ्या. काहीच उपचार न करणं हाही पर्याय त्यांनी माझ्यासमोर मांडला, आणि तो तोंडदेखला नव्हता. टकलाने आरोग्याला धोका होत नाही. माझ्या एका मित्राने निदान ऐकलं, डोक्यावर मशीन फिरवलं आणि विषय संपवला. त्याचा निर्णय मला आजही माझ्याइतकाच योग्य वाटतो. मला मात्र माझे केस हवे होते.

सुरुवात मिनॉक्सिडिलने झाली. हे मुळात रक्तदाबाचं औषध. १९७९मध्ये अमेरिकेत ते गोळीच्या रूपात मान्य झालं आणि घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस वाढू लागले. त्या दुष्परिणामातून टाळूवर लावायचं द्रावण निघालं. १९८८मध्ये २ टक्क्यांच्या द्रावणाला मान्यता मिळाली आणि नंतर ५ टक्क्यांचं आलं. मला ५ टक्क्यांचं, सकाळ-संध्याकाळ एकेक मिलिलिटर लावायला सांगितलं. टाळू कोरडी हवी, भांग पाडून औषध थेट कातडीवर पडलं पाहिजे. केसांवर पडलेलं वाया जातं. लावल्यावर चार तास डोकं ओलं करायचं नाही आणि झोपण्याआधी ते पूर्ण सुकू द्यायचं, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागून तिथेही लव वाढते. आमच्या घरी मांजर आहे. मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी असतं, अगदी थोडं चाटलं तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून हात धुणं, सांडलेला थेंब लगेच पुसणं आणि ती उशी मांजरापासून दूर ठेवणं हे मी कटाक्षाने पाळत आलो. मांजर पाळणाऱ्यांना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

काही आठवड्यांनी केस जास्त गळू लागले. हे होणार, असं आधीच सांगितलेलं होतं: औषध विश्रांतीतल्या मुळांना लवकर नव्या फेरीत ढकलतं, त्यामुळे जुने केस आधी पडतात. माहीत असूनही ते दिवस जड गेले. आरशासमोरून हलावंसं वाटेना. अनेक जण इथेच बाटली फेकून देतात, आणि त्यांच्या मनाची अवस्था मला पुरती कळते. दुसरा महिना सरता सरता गळती ओसरली. द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकोलने टाळूला खाज सुटत होती, म्हणून डॉक्टरांनी ते नसलेला फोम दिला आणि खाज गेली.

मिनॉक्सिडिल सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. टाळूतलं एक विकर त्याचं रूपांतर करतं तेव्हाच ते काम करतं, आणि ते विकर प्रत्येकात सारखं नसतं. फरक दिसायला चार महिने तरी लागतात, आणि बंद केलं की कमावलेले केस काही महिन्यांत जातात. हे मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं गेलं, त्याबद्दल मी डॉक्टरांचा ऋणी आहे. प्रगती मोजायला त्यांनी फोटो घ्यायला लावले: तोच दिवा, तीच जागा, केस कोरडे आणि तेवढ्याच लांबीचे, दर तीन महिन्यांनी. रोजच्या आरशात काहीच कळत नाही.

खरा विचार करावा लागला तो फिनास्टेराइडचा. ५-अल्फा रिडक्टेजचा एक प्रकार रोखणारी ही गोळी ५ मिलिग्रॅमच्या रूपात १९९२मध्ये प्रोस्टेटसाठी आली, आणि १ मिलिग्रॅमची गोळी १९९७मध्ये टकलासाठी. ती रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी कमी करते. मान्यतेसाठीच्या चाचण्यांत दोन वर्षांनी ही गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पुरुषांच्या केसांची मोजणी घटली नव्हती. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. फायद्याचा आकडा मोठा आहे. दुसऱ्या बाजूला कामेच्छा कमी होणं, ताठरता न येणं, वीर्य कमी होणं हे दुष्परिणाम. त्याच चाचण्यांत पहिल्या वर्षात ते ३.८ टक्के पुरुषांत दिसले, साखरेच्या गोळीवर २.१ टक्के. बहुतेकांचे गोळी बंद केल्यावर गेले. पण काहींचे बंद केल्यानंतरही टिकल्याच्या तक्रारी आल्या, आणि २०१२मध्ये अमेरिकेत औषधासोबतच्या माहितीत तशी भर घालावी लागली. मनावरच्या परिणामांच्याही नोंदी आहेत. २०२५मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं.

मी लगेच होकार दिला नाही. घरी येऊन पत्नीसोबत सगळं वाचलं. हा निर्णय माझ्या एकट्याच्या डोक्यापुरता नव्हता. गर्भवती स्त्रीने ही गोळी घ्यायची तर नाहीच, तुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत बिघाड होऊ शकतो. पुढच्या भेटीत आम्ही दोघं गेलो. पूर्वी कधी नैराश्य आलं होतं का, घरात कोणाला आहे का, मूल हवं असण्याचा काळ आहे का, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता विचारलं. तेव्हा कुठे मला विश्वास वाटला. ठरलं असं की गोळी सुरू करायची, तीन महिन्यांनी दोघांनी मिळून आढावा घ्यायचा, आणि मन उदास वाटलं किंवा इच्छेत फरक पडला तर लपवायचं नाही, थांबवायचं. मला त्रास झाला नाही. माझ्या अनुभवावरून कोणी स्वतःचं ठरवू नये. हा निर्णय प्रत्येकाने स्वतःचा पूर्वेतिहास पाहून, डॉक्टरांसमोर बसून घ्यावा. मित्राच्या पाकिटातली गोळी घेऊन तर मुळीच नाही.

दोन गोष्टी मला नंतर उपयोगी पडल्या. फिनास्टेराइडमुळे प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीचा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो, म्हणून ती चाचणी करताना गोळी चालू असल्याचं सांगावं लागतं. आणि रक्तदान करायचं असेल तर शेवटच्या गोळीनंतर महिनाभर थांबा, असं अनेक रक्तपेढ्या सांगतात, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला दिलं जाऊ शकतं. ड्युटास्टेराइड नावाची आणखी तीव्र गोळी आहे. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये ती टकलासाठी मान्य आहे. पण ती शरीरात कितीतरी महिने राहते आणि मला तिची गरज पडली नाही.

वर्षाच्या फोटोत भोवरा स्पष्ट भरलेला दिसला. कॅमेऱ्याखाली बारीक केसांचं प्रमाण घटलं होतं. कोपरे होते तसेच राहिले, जसं सांगितलं होतं तसंच.

मधल्या काळात मी पीआरपीही करून घेतलं. स्वतःचंच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचतात. दुखतं, आणि चांगलंच दुखतं. काही अभ्यासांत त्याचा फायदा दिसतो, पण प्रत्येक ठिकाणी तयार करण्याची पद्धत निराळी, त्यामुळे तुलना अवघड. माझी दोन औषधं चालू असल्याने त्यातलं किती पीआरपीचं, हे मला सांगता येणार नाही. मी ते पुढे चालू ठेवलं नाही. लेझरच्या कंगव्यांच्या आणि टोप्यांच्या वाटेला गेलो नाही. तेलाने केसाची काडी मऊ राहते, तुटणं कमी होतं. डीएचटीवर त्याचा परिणाम होतो असं पटण्याजोगं मला काही सापडलं नाही.

कोपऱ्यांसाठी प्रत्यारोपण हाच मार्ग होता. मागचा केस पुढे नेऊन लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही, हे नॉर्मन ऑरेन्ट्राइक या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९५९मध्ये मांडलं, आणि सगळी शस्त्रक्रिया त्याच तत्त्वावर चालते. नवा केस कोणी निर्माण करत नाही, असलेला हलवतात; हलवलेल्या केसांच्या एकेका पुंजक्याला ग्राफ्ट म्हणतात. मागचा साठा मर्यादित असतो आणि तिथून काढलेलं मूळ पुन्हा उगवत नाही. हे ज्याला उमगलं तो ‘किती ग्राफ्ट?’च्या आधी ‘किती शिल्लक राहतील?’ असं विचारतो.

एका ठिकाणी माझ्या डोक्याच्या मागे बघण्याआधीच सल्लागाराने ग्राफ्टचा मोठा आकडा कागदावर लिहून दिला. मी परतलो. दुसरीकडे स्वतः सर्जन भेटले. त्यांनी मागच्या बाजूची घनता चौरस सेंटिमीटरमागे मोजली, वडिलांचे केस कोणत्या वयात कुठवर गेले होते ते विचारलं, औषधांवर गळती थांबल्याचे फोटो पाहिले. गळती स्थिरावल्याशिवाय आणि फार कोवळ्या वयात ते हात लावत नाहीत. कपाळावर त्यांनी आखलेली रेषा माझ्या मनातल्या रेषेपेक्षा वर होती आणि कोपरे त्यांनी थोडे खोलच ठेवले. ‘‘साठीतही ही चेहऱ्याला शोभली पाहिजे,’’ ते म्हणाले. भोवऱ्याला त्यांनी साफ नकार दिला. उद्या आजूबाजूचे केस गेले, तर मध्ये लावलेल्या केसांचं बेट उरेल आणि ते झाकायला साठा पुरणार नाही. त्या नकारामुळेच मी त्यांची निवड केली.

पद्धती दोन. एकीत मागून कातडीची पट्टी काढून टाके घालतात, एक आडवा व्रण राहतो. दुसरीत पंच नावाच्या, एक मिलिमीटरहूनही लहान गोल पात्याने एकेक पुंजका काढतात आणि ठिपक्यांसारखे व्रण राहतात. मी मागचे केस बारीक ठेवतो, म्हणून दुसरी निवडली. केस लावायचे छेद कोण घेणार, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. सर्जन स्वतः घेणार असल्याचं त्यांनी लिहून दिलं. केसाचा कोन आणि दिशा त्या छेदावरच ठरते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सगळ्यात जास्त दुखलं ते भुलीच्या सुयांनी. त्यानंतर पालथं पडून पंचची बारीक करकर ऐकत राहायचं. काढलेले पुंजके गार द्रावणात ठेवले होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली निवडले जात होते: एकेरी केस पुढच्या रेषेसाठी, दोन-तीनचे मागे भरण्यासाठी. संध्याकाळ होईपर्यंत मान आणि पाठ आखडून गेली. पहिल्या रात्री डोकं उंच ठेवून, जवळजवळ बसूनच झोपलो. पुढे कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली आणि ओसरली. खपल्या दहाएक दिवसांत गळल्या. मग महिन्याच्या आसपास लावलेले केसही गळून गेले. मुळं आत राहतात, वरचा केस पडतो, हे ठाऊक असूनही पोटात गोळा आला. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वाकडेतिकडे केस फुटू लागले आणि वर्षाच्या आत ते जाड होऊन बाकीच्यांत मिसळले. मागची टाळू बराच काळ बधिर होती. आता नाही.

औषधं मात्र चालूच आहेत. लावलेले केस टिकतील, पण त्यांच्या अवतीभवतीचे मूळचे केस औषध थांबताच पुन्हा बारीक होऊ लागतील आणि नवी रेषा पुढे एकटी उभी दिसेल. दोन वेळा फोम लावणं प्रवासात जमेना, म्हणून आता डॉक्टरांनी मिनॉक्सिडिलची कमी डोसची गोळी दिली आहे. टकलासाठी तिला अधिकृत मान्यता नाही, पण अनेक त्वचारोगतज्ज्ञ ती देतात. सुरू करण्याआधी रक्तदाब आणि हृदय तपासलं. पायांवर सूज येते का, छाती धडधडते का, याकडे लक्ष ठेवायला सांगितलंय. हातांवरची लव वाढली आहे, बाकी त्रास नाही. मागच्या भागात आणखी एका शस्त्रक्रियेपुरता साठा आहे असा सर्जनांचा अंदाज आहे. भोवरा औषधांवर टिकून आहे तोवर त्याला हात लावायचा नाही, असं आम्ही ठरवलंय.